अभ्यंग घरच्या घरी: सुरुवात पायांपासून

बहुतेक मराठी घरांत अंगाला तेल लागतं ते वर्षातून एकदा, नरक चतुर्दशीच्या पहाटे. पाटावर बसवून कोणीतरी डोक्यावर तेल थापतं, पाठीवरून घाईने हात फिरवतं, उटणं चोळलं जातं, बाहेर फटाके सुरू झालेले असतात म्हणून अंघोळ उरकली जाते आणि तेलाची वाटी पुढच्या दिवाळीपर्यंत फडताळात जाऊन बसते. मला याची मनापासून हळहळ वाटते. वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावून चोळणं, येतो तो दिनचर्येच्या अध्यायात, दात घासणं, व्यायाम आणि अंघोळ यांच्या जोडीने. ‘अभ्यङ्गमाचरेन्नित्यम्’, म्हणजे अभ्यंग रोज करावा, असं तिथे सरळ म्हटलं आहे.

आता रोज सर्वांगाला तेल लावून बसायला वेळ कुणाला आहे? डबा, मुलांची शाळा, लोकल, ऑफिस यातून अंघोळीलाच जेमतेम दहा मिनिटं मिळतात. गंमत म्हणजे त्याच ठिकाणी पुढच्याच श्लोकात तोडगाही दिलेला आहे: ‘शिरःश्रवणपादेषु तं विशेषेण शीलयेत्’. डोकं, कान आणि पाय यांना तरी आवर्जून तेल लावत जावं. मी नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला हाच क्रम उलटा करून सांगते: आधी पाय, मग डोकं आणि कान, आणि ते अंगवळणी पडलं की आठवड्यातून एकदा सर्वांग. पहिल्याच रविवारी सगळं करायला गेलं की न्हाणीघर तेलकट होतं, चादरी खराब होतात, दुपारचं जेवण लांबतं आणि दुसरा रविवार उगवतच नाही.

आशियात अंग रगडण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत. थायलंडचं ‘नुआत थाई’ 2019 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. त्यात अंगावर सैल कपडे ठेवून, बहुधा तेलाशिवाय, समोरचा माणूस आपल्याला दाबतो आणि ताणतो. जपानचं शिआत्सूही बोटांच्या आणि तळहाताच्या दाबावर चालतं. दोन्ही उत्तम, पण दोन्हींना शिकलेला दुसरा माणूस लागतो. अभ्यंगाला एक वाटी तेल आणि आपले दोन हात पुरतात, म्हणून घरी सुरुवात करायची तर याच पद्धतीने करावी.

अपेक्षाही नीट ठेवा. नियमित तेल लावल्याने कोरडी, खाजरी त्वचा मऊ होते, थकलेले स्नायू सैलावतात, पुष्कळांना झोप चांगली लागते. चरकांनी यासाठी तेल दिलेल्या गाडीच्या आखाची उपमा दिली आहे. याच्या पलीकडे, म्हणजे वजन उतरेल, सांधेदुखी कायमची जाईल, रंग उजळेल, असं कोणी सांगत असेल तर तिथे पैसे घालवू नका.

कोणी थांबायचं

अष्टांगहृदयातच तीन प्रसंगी अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे: कफाने छाती-नाक भरलेलं असताना, अपचन झालेलं असताना, आणि वमन-विरेचनासारखं शोधन, म्हणजे उलटी किंवा जुलाब करवून केलेली शरीरशुद्धी, नुकतंच झालेलं असताना. सर्दी झाली, पोट बिघडलं की तेल बाजूला, इतकं लक्षात ठेवलं तरी चालेल. ताप असेल तरीही नाही.

आजच्या काळातली भर अशी. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखतेय, गरम लागतेय, तर ती चोळायची नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. फुगलेल्या, गाठाळलेल्या शिरांवर जोर द्यायचा नाही. जखम, गळू, नायटा, पुरळ असलेली जागा सोडायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, कर्करोगाचे उपचार चालू असतील, नुकतं ऑपरेशन किंवा हाड मोडलेलं असेल, गरोदरपण असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. मधुमेह असलेल्यांना पायाच्या भागात वेगळी सूचना आहे, ती चुकवू नका.

पाळीच्या दिवसांत परंपरेने अभ्यंग करत नाहीत. ज्या बायकांना त्या दिवसांत पोटऱ्यांवर किंवा कमरेवर कोमट तेलाचा हात बरा वाटतो, त्यांनी तो खुशाल फिरवावा. पोटावर मात्र जोर नको.

तेल कोणतं

घाण्याचं, कच्च्या तिळाचं तेल. सुरुवातीला एवढंच पुरे. आता पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत लाकडी घाणे पुन्हा सुरू झाले आहेत, तिथून पाव लिटर आणा. सोनेरी पिवळं, हलक्या वासाचं तेल हवं. ‘पूजेचं तेल’ किंवा ‘दिव्याचं तेल’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्या स्वस्त असतात, पण ती बहुतेकदा खाण्यायोग्य नसलेली मिश्रणं असतात. जे तोंडात घालता येत नाही ते अंगाला नको.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींची इथे हमखास फसगत होते. तिथल्या चिनी-जपानी दुकानांत मिळणारं गडद तपकिरी तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं. ते नूडल्सवर घालायचं. अंगाला लावलं तर दिवसभर स्वयंपाकघराचा वास येत राहील. न भाजलेल्या तिळांचं, फिकट तेल मागून घ्या.

कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या खोबरेल वापरलं जातं, आणि तिथल्या दमट उकाड्यात ते योग्यच आहे. मार्च ते जूनपर्यंत मीही देशावरच्या लोकांना खोबरेलच सुचवते. ज्यांच्या चेहऱ्यावर, पाठीवर मुरमं येतात त्यांनी त्या जागी खोबरेल लावू नये, रंध्रं बुजतात. मोहरीचं तेल उत्तरेत फार चालतं, पण ते त्वचेला झोंबतं. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं असा समज आहे. त्यात ओलिक आम्ल भरपूर असतं आणि ते कोरड्या, नाजूक त्वचेचं संरक्षक आवरण कमकुवत करतं असं अभ्यासात दिसलं आहे. विशेषतः बाळांच्या अंगाला ही दोन्ही तेलं टाळावीत.

बला तेल, नारायण तेल, महानारायण तेल, क्षीरबला तेल ही औषधी तेलं आहेत. ती वाईट नाहीत, पण सुरुवात त्यांनी करण्याचं काहीच कारण नाही. दुखण्यासाठी हवी असतील तर वैद्यांना विचारून घ्या आणि बाटलीवर परवाना क्रमांक, घटक आणि उत्पादनाची तारीख छापलेली आहे ना ते बघा.

काहींना तिळाची ॲलर्जी असते. म्हणून पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर तेल लावून एक दिवस थांबा. लाल झालं, खाज सुटली तर ते तेल सोडून द्या.

तेल कोमट हवं. गॅसवर थेट तापवू नका, वरून कळत नाही आणि हात पोळतो. पसरट भांड्यात कडकडीत पाणी घ्या, त्यात तेलाची स्टीलची वाटी दोन-तीन मिनिटं ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. ऊब लागली पाहिजे, चटका नको.

पहिला पंधरवडा: रात्री फक्त पाय

झोपण्याआधी पाय धुऊन कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांतलं पाणीसुद्धा टिपा. पलंगावर बसू नका. खुर्ची किंवा ठेंगणं स्टूल घ्या, खाली जुना पंचा अंथरा आणि एक घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवा. दोन्ही पायांना मिळून चहाचे दोन चमचे तेल पुष्कळ झालं.

आधी सगळ्या पावलाला तेल माखून घ्या. दोन्ही अंगठे टाचेवर शेजारी शेजारी ठेवा आणि तळव्याच्या मधोमध दाबत बोटांपर्यंत न्या. असं पाच-सहा वेळा करा. मग तळव्याचा आतला कडेचा भाग, जिथे कमान असते तिथे, अंगठ्याने छोटी वर्तुळं काढत पुढे सरका. टाच जाड कातडीची असते, तिला मुठीने दाबलं तरी चालतं. कमानीला मात्र हलका हात. प्रत्येक बोट मुळाशी धरून, थोडं फिरवून, टोकाकडे ओढत सोडा. बेचक्यांत बोट घालून पुढे-मागे करा. घोट्याच्या दोन्ही हाडांभोवती चार बोटांनी गोल फिरवा. टाचेमागची जाड शीर चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत दाबत या. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला या शेवटच्या जागी आपोआप सुस्कारा सुटतो.

हात किती वेगाने फिरावा, यावर मी फार भर देते. त्वचेत असे काही मज्जातंतू असतात, जे सावकाश, कोमट, प्रेमळ स्पर्शालाच चांगला प्रतिसाद देतात. प्रयोगांत हा वेग सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर आढळला आहे. म्हणजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत हात न्यायला निदान चार-पाच सेकंद लागले पाहिजेत. आपण घरी साधारणपणे भांडी घासण्याच्या वेगाने तेल लावतो. हात अर्ध्या वेगावर आणा, फरक त्याच रात्री कळेल.

आता काशाची वाटी. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजीची काशाची वाटी असते आणि ती कशासाठी ठेवली आहे हे कुणालाच आठवत नसतं. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू, तांबं साधारण तीन-चतुर्थांशाहून थोडं जास्त. पितळेत कथिलाऐवजी जस्त असतं. बाजारात घेताना वाटी तळहातावर ठेवून बोटाने टिचकी मारा. काशाचा नाद लांबवर घुमत राहतो, पितळेचा लवकर विरतो. तळ गुळगुळीत आणि बाहेरून फुगीर हवा, कडा बोथट हवी. कासं ठिसूळ असतं, फरशीवर पडलं की तडकतं, तेव्हा जपून.

तळव्याला थोडं तेल किंवा साजूक तूप लावा. वाटी मुठीत धरून तिचा फुगीर तळ टाचेवर टेकवा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी टाच ते चवडा, चवडा ते टाच अशी फिरवत राहा. दाब इतकाच की कातडी वाटीबरोबर किंचित सरकावी. एकेका पायाला पाच मिनिटं. थोड्याच वेळात तेल करडं होतं, मग काळपट, आणि तळवाही तसाच दिसू लागतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण हल्ली प्रदर्शनांत आणि दुकानांत फिरत्या काशाच्या थाळीची यंत्रं लावून हा काळा रंग दाखवून ‘बघा किती उष्णता बाहेर पडली’ असं सांगतात. तो काळेपणा धातूचा आहे. तेला-तुपातली आम्लं, पायाचा घाम आणि घर्षण यांची धातूशी क्रिया होऊन तो तयार होतो. म्हणून कमी काळं झालं तर निराश होऊ नका आणि जास्त झालं तर घाबरू नका. वाटीचा उपयोग तिच्या गार, गुळगुळीत, जड स्पर्शात आहे. उन्हाळ्यात पायांची आग होते तेव्हा तूप आणि काशाची वाटी यांच्याइतका आराम क्वचितच कशाने पडतो. झालं की तळवे ओल्या फडक्याने पुसा, वाटी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन कोरडी करा.

मधुमेहामुळे पायांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा असतो त्यांनी वाटी वापरू नये. चटका किंवा खरचटणं कळत नाही, आणि त्यातून जखम चिघळते. हाताने, हलकं, तेल जेमतेम कोमट, बोटांच्या बेचक्यांत तेल साठू न देता. आणि रोज उजेडात तळवा बघायचा. वाकता येत नसेल तर घरातल्या दुसऱ्याने बघायचा.

शेवटी, तेलकट पायांनी चालू नका. घरोघरच्या गुळगुळीत टाइल्सवर घसरून म्हाताऱ्या माणसांची खुब्याची हाडं मोडतात. तेल पुसून सुती मोजे घाला आणि मगच उठा.

त्यानंतर: डोकं आणि कान

आठवड्यातून एक-दोनदा, केस धुण्याच्या आधी. केस रात्रभर तेलकट ठेवण्याची गरज नाही, तासभर पुरे. रात्रभर ठेवलं की उशीचा अभ्रा आणि कपाळ दोन्ही तेलकट होतं आणि कपाळावर बारीक पुटकुळ्या येतात.

तेल तळहातावर घेऊन केसांवर थापू नका. बोटांची टोकं तेलात बुडवून केसांत भांग पाडत पाडत कातडीला लावा. मग दहाही बोटांची पेरं डोक्यावर घट्ट टेकवा आणि पेरं न घसरवता कातडीच कवटीवर पुढे-मागे, गोल हलवा. हाच खरा कळीचा भाग आहे. तळहाताने केस खसाखसा चोळले की केस तुटतात, आणि मग ‘तेल लावलं की केस गळतात’ अशी तक्रार होते. टाळूपासून सुरू करा, तिथून कानशिलं, मग कानांच्या मागची पन्हाळ, मग मान जिथे कवटीला मिळते ती खळगी. दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्यांचं सगळं ओझं या खळगीत साठलेलं असतं; तिथे दोन्ही अंगठे टेकवून, डोकं किंचित मागे सोडून चार-पाच संथ श्वास घ्या.

कोंडा झाला असेल तर तेल हा उपाय नाही. कोंड्यामागे जी बुरशी असते ती तेलातल्या स्निग्ध घटकांवरच जगते, त्यामुळे तेल लावून तो वाढू शकतो. आधी कोंड्याचं औषध करा.

कानांना तेल म्हणजे बाहेरून. पाळी चिमटीत धरून खाली ओढा, कानाची कड वरपासून खालपर्यंत अंगठा आणि तर्जनीत दाबत या, कानामागे हलकं चोळा. कानात तेल ओतायचं नाही. आयुर्वेदात कर्णपूरण आहे, पण ते वैद्याने कान तपासल्यावर करायचं. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन संसर्ग होतो. बाळाच्या कानात आणि नाकात तेल घालण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे, आणि मालिशवाल्या मावशी प्रेमानेच ते करतात. पण बालरोगतज्ज्ञ त्याला ठाम नकार देतात, तेल श्वासातून फुप्फुसात जाऊ शकतं. मावशींना नम्रपणे, पण नक्की सांगा.

रविवारचं सर्वांग

पाय आणि डोकं दोन-तीन आठवडे टिकलं तर पुढे चला. वेळ सकाळची, पोट रिकामं, किंवा जेवून तीन तास तरी झालेले. तेल साधारण 40 ते 50 मिलिलिटर, म्हणजे छोटी वाटी भरून. पंखा बंद, खिडकी लावलेली, पाटावर किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर जुना पंचा. बादलीत गरम पाणी आधीच काढून ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत असू द्या. तेलकट हाताने उचलता येत नाही आणि वाजला की लक्ष उडतं.

डोक्याला लावून झालं की मान आणि खांद्यांवर या. उजव्या हाताने डाव्या खांद्याचा मांसल भाग मुठीत धरून दाबा, सोडा, दाबा, सोडा, मग बाजू बदला. हातांवर नियम सोपा आहे: लांब हाडांवर हात लांब फिरवायचा, सांध्यांवर गोल. खांद्यावर गोल, दंडावर सरळ, कोपरावर गोल, मनगटापर्यंत सरळ, मनगटावर गोल, मग तळहात आणि एकेक बोट. हात वरून खाली न्यावा की खालून वर, यावर लोक वाद घालतात. आयुर्वेदात केसांच्या दिशेने, म्हणजे अनुलोम सांगतात. आधुनिक मालिशमध्ये हृदयाकडे. दोन्ही दिशांना हात फिरवा, पायांवर खालून वर येताना जरा जास्त दाब द्या आणि वाद सोडून द्या.

छातीवर मधल्या हाडापासून बाजूंकडे हलका हात. बायकांनी स्तनांभोवती गोल, न दाबता. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने: उजव्या कुशीच्या खालून वर, बरगड्यांखालून आडवं डावीकडे, आणि डावीकडून खाली. मोठं आतडं याच वाटेने जातं. हर्निया असेल तर पोट सोडून द्या.

पाठ ही एकट्याची अडचण. कंबर आणि माकडहाडाचा भाग मुठीच्या उलट्या बाजूने छान चोळता येतो. वरच्या पाठीला लांब सुती पंचा तेलात हलका भिजवून, दोन्ही टोकं धरून, अंग पुसतो तसा आडवा फिरवा. घरात कोणी असेल तर सरळ पाठ पुढे करा आणि त्यांची पाठही तुम्ही चोळून द्या. दिवाळीला बायको नवऱ्याला तेल लावते, आई मुलांना लावते, आणि आईच्या पाठीला हात लावायला बहुतेक घरांत कोणी उरत नाही. हे बदलायला सणाची वाट बघू नका.

मांड्या, गुडघे, पोटऱ्या, घोटे यांना हातांचाच नियम. गुडघ्याच्या वाटीभोवती भरपूर गोल, गुडघ्याच्या मागच्या लवणीत मात्र दाब नाही. पावलं शेवटी, ती तुम्हाला आता येतातच.

हे सगळं वीस मिनिटांत होतं. नंतर दहा-पंधरा मिनिटं तशीच जाऊ द्या. अष्टांगहृदयाच्या क्रमात अभ्यंगानंतर व्यायाम येतो. कोल्हापूरच्या तालमीत मात्र पैलवान आधी मेहनत करतात आणि मग एकमेकांना रगडतात. तुम्ही फक्त सावकाश सांधे फिरवा, खांदे, मान, घोटे, तेवढं पुरे. तेलकट पायांनी सूर्यनमस्कार नकोत.

उटणं

तेल काढायला साबणापेक्षा उटणं चांगलं, कारण ते वरचं जास्तीचं तेल शोषून घेतं आणि त्वचेत मुरलेलं राहू देतं. दिवाळीतली पाकिटं वर्षभर मिळत नाहीत, म्हणून घरीच करा. चार चमचे मसूर डाळीचं किंवा हरभऱ्याचं पीठ, एक चमचा आंबेहळद, एक चमचा नागरमोथ्याची पूड, अर्धा-अर्धा चमचा वाळा आणि कचोरा, आणि सावलीत वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड असेल तर तीही. हे सगळं काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. वस्त्रगाळ करून कोरड्या बरणीत ठेवा; भरड उटण्याने त्वचा ओरखडते.

एका वेळेला तीन चमचे उटणं वाटीत घ्या आणि दूध थेंबाथेंबाने घालत बोटाने फिरवा. आधी ते गुठळ्या धरतं, मग वाळ्याचा ओला, मातकट वास सुटतो, आणि थालीपिठाच्या पिठाहून जरा सैल झालं की थांबा. कोरड्या त्वचेसाठी दुधावरची साय घाला, तेलकट त्वचेला साधं पाणी चालेल. न्हाणीघरात तेलावरच हे लावून केसांच्या उलट दिशेने चोळा. उटणं अंगावर तडकेपर्यंत वाळू देऊ नका, ओलं असतानाच कोमट पाण्याने धुवा. साबण हवाच असेल तर फक्त काखेत आणि जांघेत.

लिंबू पिळू नका. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे डाग उठतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. काही उटण्यांत बावची असते, तिचाही हाच त्रास आहे, म्हणून विकतच्या पाकिटावरचे घटक वाचा. तान्ह्या बाळाला उटणं चोळून लव काढण्याचा प्रयत्न करू नका, ती आपोआप जाते.

किती वेळा, कोणत्या ऋतूत

पाय आठवड्यातून चार-पाच रात्री, डोकं एक-दोनदा, सर्वांग एकदा. मला हे प्रमाण बहुतेक नोकरदार घरांत टिकणारं वाटतं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतची थंडी हा सर्वांगासाठी उत्तम काळ, भूकही चांगली असते आणि त्वचा तेल अक्षरशः पिऊन टाकते. उन्हाळ्यात खोबरेल, थोडंसंच. पावसाळ्यात हवा दमट, पचन मंद, कपडे वाळत नाहीत. सर्वांग बंद ठेवून पाय चालू ठेवा. थंड देशांत जिथे महिनोन्‌महिने हीटर चालतो, तिथे अंघोळीनंतर टॉवेलने टिपून किंचित ओल्या अंगावर चमचाभर तेल लावलं तरी पोटऱ्यांवरची पांढरी खाज थांबते.

पंचे, मोरी आणि तेलाची बाटली

अभ्यंगाचे दोन जुने सुती पंचे वेगळे ठेवा आणि घरच्या टॉवेलांत मिसळू नका. ते गरम पाण्यात धुण्याचा सोडा किंवा डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवा, मग धुवा आणि उन्हात दोरीवर वाळवा. कपडे वाळवण्याचं यंत्र वापरत असाल तर हे पंचे त्यात अजिबात घालू नका. धुतल्यावरही कापडात तेल उरतं, यंत्राच्या उष्णतेने ते आतल्या आत तापत जातं आणि ढिगाने ठेवलेले पंचे आपोआप पेटल्याच्या घटना घडतात. न धुतलेले तेलकट पंचेही बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून ठेवा.

वाटीत उरलेलं तेल मोरीत ओतू नका, नळी तुंबते. कागदाने पुसून कचऱ्यात टाका. अंघोळ झाली की फरशीवर थोडं बेसन किंवा उटण्याचा चोथा भुरभुरवून ब्रशने घासा आणि गरम पाणी ओता, म्हणजे पुढे अंघोळीला जाणारा घसरत नाही.

तेलाची बाटली काचेची, गडद रंगाची, उन्हापासून दूर. एकदा वाटीत काढलेलं तेल परत बाटलीत घालू नका. उघडल्यापासून दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच आणा आणि दर वेळी वापरण्याआधी वास घ्या. खवट झालं असेल तर देवापुढच्या समईला घाला आणि घाण्यावरून नवं आणा.